प्रति: फ्रीजमध्ये कुठलाही गॅस चालतो का?
वर एकांनी लिहिलंय की कूलिंग कमी झालं की गॅस भरून घ्यायचा, कुठला ते बघत बसू नये. गॅस काही वापरून संपत नाही हो, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरला तर पैसे हवेतच गेले. आणि ‘कुठलाही चालतो’ हे तर फ्रीजच्या मुळावर येणारं आहे.

सिडकोत आमच्या मावशीकडे हेच झालं. कॉम्प्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्योतीचं चित्र, शेजारी चक्क आर-६००ए असं गॅसचं नाव लिहिलेलं. कारागीर म्हणाला, “तो गॅस मिळत नाही मावशी, १३४ टाकतो, सगळे तेच टाकतात.” १३४ म्हणजे आर-१३४ए, हा फ्रीजचा वेगळाच गॅस. ६००ए च्या कॉम्प्रेसरमध्ये वंगण म्हणून सहसा मिनरल ऑइल असतं. १३४ए त्यात मिसळत नाही, त्यामुळे पाइपांत गेलेलं तेल कॉम्प्रेसरमध्ये नीट परत येत नाही आणि वंगण कमी पडतं. शिवाय १३४ए चा दाब जास्त, मोटरवर ताण येतो. ऐन एप्रिलात, नाशिकचा पारा चढलेला असताना, कॉम्प्रेसर जाम! गॅसचे पैसे गेले ते गेलेच, वर नवा कॉम्प्रेसर.

उलट अदलाबदल तर आणखी वाईट. ६००ए म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा वायू. १३४ए च्या फ्रीजमधले थर्मोस्टॅट, दिव्याचे स्विच ठिणगीने गॅस पेटू नये या हिशेबाने बनवलेले नसतात. ६००ए लागतोही जेमतेम, घरगुती फ्रीजला बहुधा १०० ग्रॅमच्या आतच, त्यामुळे अंदाजाने भरून भागत नाही. कारागिराकडे पाइपांतली हवा काढणारा व्हॅक्यूम पंप आणि गॅस मोजायला वजनकाटा नसेल तर चहा पाजून परत पाठवा.