सोलापुरात गुगल मॅप बंद ठेवून फिरा, दुकानं जास्त चांगली सापडतात (माझं मत, भांडा)

कडकभाकरी
तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूर करणारे लोक सोलापुरात थांबतात, मोबाईल काढतात, सोलापुरी चादर असं टाकतात आणि वर जी तीन-चार दुकानं येतात तिथंच जातात. गुगल स्वतःच सांगतं की लोकल रिझल्ट शब्दांची जुळणी, अंतर आणि दुकान किती नावाजलेलं आहे यावर लागतात. मग पूर्व भागात खाली माग नि वर बिऱ्हाड असलेला माणूस त्यात कुठनं येणार, त्याच्या दाराला बोर्डच नाही. कन्ना चौकात उतरा, मागाचा खडखडाट येईल तिकडं चालत जा नि विचारा. मोबाईल पाहिजेच असेल तर ऑर्गॅनिक मॅप्स टाका, ओपनस्ट्रीटमॅप नावाच्या लोकांनी भरलेल्या नकाशावर चालतं, एकदा नकाशा उतरवला की नेट नको, जाहिरात नाही.

चाटीगल्लीतला
काय बे, आमच्या पोटावर पाय द्यायलास का? माझं दुकान बोळात आत हाय. आधी गिऱ्हाईक मधल्या मारुतीपासनं आत शिरलं की तोंडावरच्या मोठ्या दुकानातच अडकायचं, आत कोण येतंय. आता विजापूर-लातूरची माणसं मोबाईल हातात धरून सरळ माझ्या पायरीवर येतात, आणि लिस्टिंगला एक रुपया लागला नाही. आणि रस्त्यात विचारलं की लोक काय करतात, आपल्या पाहुण्याचं दुकान सांगतात!

पुण्यातली_सोलापूरकर
"विचारा की" म्हणणारे सगळे पुरुष असतात हे बघून ठेवलंय मी. पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस सोलापुरात पोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा एकट्या बाईने स्टेशनबाहेर कुणाला विचारायचं? रिक्षावाल्याला विचारलं तर कमिशनवाल्या लॉजवर नेतो. मी बायकांचे रिव्ह्यू आणि त्यांनी टाकलेले खोलीचे, जिन्याचे फोटो बघूनच ठरवते.

कडकभाकरी
अहो ताई, रात्री दहाला चादर कोण घेतंय, लॉजचं मी बोललोच नाही. बाकी रिक्षावाल्याला विचारायचंच नाही, ज्याला त्यात काही मिळणार नाही त्याला विचारायचं, मेडिकलवाला, चहाची टपरी. आणि प्रश्न पण नीट पाहिजे. "चांगलं हॉटेल कुठंय" म्हटलं की तुमचे कपडे बघून एसीवाल्याकडं पाठवतात. "डबा नसला की तुम्ही कुठं जेवता" असं विचारा, माणूस जरा थांबतो, हसतो नि मग सावजी खानावळ सांगतो जिथं ताटाबरोबर शेंगाचटणी न मागता येते. हे कुठल्या स्टारमध्ये लिहिलेलं असतंय?

नकाशेबाज
ओपनस्ट्रीटमॅपचं नाव निघालं म्हणून. 2004 पासून चालू आहे, लोकच भरतात, आणि आपली गंमत ही की आपण वापरा म्हणतो पण भरत नाही. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, मोठे रस्ते मिळतील, पेठांमधली दुकानं मात्र विरळ. त्यामुळं नुसतं ॲप टाकून पाहुण्याला पाठवलंत तर तो शिव्या देईल. भरायला अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, दुकानासमोर उभं राहिलं की उघडायची वेळ वगैरे छोटे प्रश्न विचारतं. मात्र गुगलवरचं बघून उतरवायचं नाही, त्याला परवानगी नाही, बोर्ड बघून भरायचं. नाव देवनागरी आणि रोमन दोन्हीत टाका, नाहीतर khanaval लिहिणाऱ्याला खानावळ सापडत नाही (माझा हात इथं रोमनवर गेला, माफ करा).

चाटीगल्लीतला
दुकान सोडून नकाशे भरत बसू? माझ्या कुठल्या गिऱ्हाईकाकडं हे ॲप हाय ते सांग आधी. आणि भाकरी, त्या मागवाल्याला कधी विचारलास का त्याला दारात पर्यटक पाहिजे का? तो व्यापाऱ्याला माल देतोय, तुला एक चादर दाखवायला माग बंद ठेवल्यावर त्याची मजुरी कोण देणार.

कडकभाकरी
ह्या मुद्द्यात दम आहे, सगळेच विकत नाहीत. पण बऱ्याच घरात पुढच्या खोलीत टॉवेल घडी घालून ठेवलेले असतात ते विकायलाच की. शिवाय चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) असूनही पानिपतचा माल सोलापुरी म्हणून खपवतात. माग समोर चालू असला की तो प्रश्नच मिटला, पाच स्टार बघून धागा कळत नाही.

नकाशेबाज
चाटीगल्लीतले, वेळ आणि सुट्टीचा वार सांगा, बाजारात आलो की बोर्ड बघून मीच टाकतो.

चाटीगल्लीतला
ये की. पण गुगलवरचं काढणार नाही मी.

पुण्यातली_सोलापूरकर
चादरीचं झालं सगळं, लॉजचं बोला आता.