फोर्ड मॉडेल टीच्या ओळखपाटीच्या प्रतिकृतीवर कोणता क्रमांक ठोकावा?

प्रश्न

पणजोबांनी घेतलेली पितळी रेडिएटरची फोर्ड मॉडेल टी मी गेली चार वर्षे कोल्हापुरात, आमच्या वाड्याच्या पडवीत, पूर्ववत करत आहे. कागदपत्रांत तिचे वर्ष १९१४ आहे आणि स्टीअरिंग उजव्या हाताला आहे. लाकडी फायरवॉलवरची (इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधल्या फळीवरची) मूळ पितळी पाटी हरवली असून तिच्या जागी चार भोके आणि लाकडावर उमटलेला फिकट चौकोन एवढेच उरले आहे. परदेशात कोऱ्या प्रतिकृती विकत मिळतात, पण नेमकी कोणती मागवावी आणि तिच्यावर कोणता क्रमांक ठोकावा, हे मला ठरवता येत नाही. एका विक्रेत्याने सोबत ‘सेल्डन पेटंट’ची पाटीही घ्यावी असा आग्रह धरला आहे.

प्रतिसाद १

सेल्डनची पाटी कृपया लावू नका. जॉर्ज सेल्डन यांना ५ नोव्हेंबर १८९५ रोजी मोटारगाडीचे पेटंट मिळाले. पुढे १९०३ साली परवानाधारक कारखानदारांची संघटना उभी राहिली आणि कॅडिलॅक, पॅकार्ड यांसारख्या गाड्यांवर ती पाटी आली. हेन्री फोर्ड यांनी मात्र परवाना न घेता खटला लढवला, १९०९ मध्ये ते हरले आणि जानेवारी १९११ मध्ये अपिलात जिंकले, कारण फोर्डचे इंजिन सेल्डनच्या पेटंटमधील इंजिनाच्या प्रकारचे नाही, असे न्यायालयाने ठरवले. ज्या पाटीविरुद्ध फोर्ड आठ वर्षे भांडले, ती त्यांच्याच गाडीवर लावणे म्हणजे इतिहास उलटा सांगणे होय.

प्रतिसाद २

उजव्या हाताचे स्टीअरिंग पाहता तुमची गाडी बहुधा कॅनडातील फोर्डची असावी, कारण भारतासारख्या ब्रिटिश वसाहतींना गाड्या तिथूनच येत. तसे असेल तर डेट्रॉइटचे नाव असलेली अमेरिकी पाटी चुकीची ठरेल. पाटीवरचा क्रमांक इंजिनावरून घ्यायचा असतो: इंजिनाच्या डाव्या बाजूला, पाणी आत येते त्या तोंडाच्या वर, तो ठोकलेला असतो आणि कॅनडातील इंजिनांवर त्याआधी ‘सी’ हे अक्षर आढळते. ते आधी पाहा, आणि पाटी मागवण्यापूर्वी चारही भोकांमधली अंतरे मोजून ती प्रतिकृतीच्या मापांशी ताडून घ्या.

प्रतिसाद ३

क्रमांकाबाबत मी थोडा आग्रही आहे. त्या काळी इंजिने सर्रास बदलली जात. इंजिनाचा नवा ब्लॉक (ओतीव मुख्य भाग) कोरा येई आणि जुना क्रमांक त्यावर विक्रेताच ठोकत असे. म्हणून ब्लॉकवर ओतकामातच उठवलेली तारीख क्रमांकाच्या वर्षाशी जुळते का, हे आधी तपासा. क्रमांकाची खात्री पटली नाही, तर पाटी कोरी ठेवणे हेच प्रामाणिक ठरेल. कागदावरचा आकडा नुसता ‘शोभतो’ म्हणून ठोकलेली पाटी आपल्यानंतर गाडी सांभाळणाऱ्याची फसवणूक करते. गाडीची विंटेज नोंदणी करायची असल्यास हे अधिकच महत्त्वाचे आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाड्यांना ती मिळते, पण क्रमांकात खाडाखोड किंवा बनावटपणा दिसला तर प्रकरण अडकू शकते.

ठोकण्याचे काम पाटी लाकडावर बसवण्यापूर्वी, लोखंडी ऐरणीवर करावे. अंकांचे पंच (टोकावर अंक कोरलेले पोलादी ठसे) एकेक करून, प्रत्येकी एकाच ठोक्यात बसवावेत. दुसरा ठोका पडला की अंकाला सावली येते. ओळ किंचित वरखाली झाली तरी चालेल, हाताने ठोकलेले क्रमांक तसेच असतात. पाठीमागे ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि आजचे साल कोरून ठेवा. नंतर दसऱ्याला चिंच-मीठ लावून ती घासू नका, कारण आम्लाने कोरलेली अक्षरे उथळ असतात आणि त्यांत भरलेला काळा रंग आधी जातो. आमच्या घरची एक मूळ पाटी अशाच प्रेमाने घासून गुळगुळीत झाली. आज ती उन्हात तिरकी धरल्याशिवाय वाचता येत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रॉकेलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने ब्लॉकवरचे ग्रीस पुसले, तेव्हा क्रमांकाच्या आधी ‘सी’ स्पष्ट दिसला. ओतकामाची तारीख अजून गंजाखाली आहे. ती वाचता येईपर्यंत मी पाटीवर पंच उचलणार नाही.