शनी वायूचा, मग त्याचे चंद्र अन् कडी टणक कशी?

रात्रीची_मोटार (परभणी):
या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाइट आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून वावरातच मुक्काम. शेजारच्या गावचे एक गुरुजी दुर्बीण घेऊन आले अन् बांधावरच मांडली. गुरू दिसला, बाजूला एका रेषेत चार ठिपके, म्हणजे त्याचे चंद्र. मग शनी, कडं घातलेला. पोरगं सातवीत आहे. म्हणालं, "बाबा, हे तर वायूचे गोळे. मग यांच्याभोवती दगड कुठून आले?" गुरुजी हसून म्हणाले, शोध तूच. ते लेकरू आता माझं डोकं खातंय. सांगा कुणीतरी, पण गणित नको.

खळं_जालना:
दादा, उपणणी आठवा. वारं सुटलं की भुसा उडतो, दाणा खाली पडतो. ग्रह ज्या ढगातून झाले त्यात ९८ टक्के हायड्रोजन अन् हेलियम, म्हणजे सगळा भुसाच. दगड, लोखंड, बर्फ पसाभर. बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते गुरूही आधी दगड-बर्फाचाच गोळा होता. पृथ्वीच्या दहापट वगैरे भरला तेव्हा भुसा ओढून धरायची ताकद आली. चंद्र झाले ते त्याच्याभोवतीच्या उरल्यासुरल्या वायू-धुळीच्या चकतीतून. चारही मोठे चंद्र एकत्र तोलले तरी गुरूच्या दहा हजारांत दोनच भाग. एवढ्याशा जिवाला हायड्रोजन धरवत नाही.

रात्रीची_मोटार:
मग शनीच्या टायटन नावाच्या चंद्रावर हवा आहे म्हणतात, ती कशी टिकली?

खळं_जालना:
ती मुख्यतः नायट्रोजनची, हायड्रोजनपेक्षा चौदापट जड. वर उणे १८० अंशांची थंडी. गारठलेला वायू पळत नाही.

निवृत्त_मास्तर_लातूर:
कड्याला टणक म्हणू नका, ते काही बैलगाडीच्या चाकाची धाव नव्हे. अखंड कडं टिकणारच नाही, सुटे तुकडे हवेत, हे मॅक्सवेल नावाच्या शास्त्रज्ञानं १८५९ सालीच गणितानं दाखवलं. ते तुकडे बहुतेक पाण्याच्या बर्फाचे, वाळूच्या कणापासून घराएवढे. शनीच्या इतक्या जवळ आहेत की त्याची ओढ अलीकडून जास्त, पलीकडून कमी. त्या खेचाखेचीत मोठं ढेकूळ बांधलं जात नाही. पसारा पावणेतीन लाख किलोमीटर अन् जाडी बऱ्याच ठिकाणी दहा-वीस मीटर. आपल्याकडच्या विहिरीएवढी!

रात्रीची_मोटार:
म्हणजे गाराच की हो सगळ्या. गारांचं नाव काढू नका मास्तर, २०१४ ला उभा गहू झोपवला होता आमचा. पोराला उपणणीचं सांगितलं, तर म्हणतं उपणणी म्हणजे काय? त्यानं हार्वेस्टरच पाहिलंय. थांबा, लाइट आली, मोटार टाकून येतो.