मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक: सभासदांची मते

सचिव : सर्व सभासदांना नमस्कार. 'बी' विंगच्या मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवून तेथे गाड्या लावण्याचा प्रस्ताव रविवारच्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. तत्पूर्वी सभासदांनी आपले मत येथे मांडावे, ही विनंती.

सावंत, सी-५०२ : पावसाळ्यात तेथे चिखल आणि डास होतात, आणि रात्री उशिरा येणाऱ्यांना गाडीसाठी जागा मिळत नाही. बोरिवलीत आपल्या शेजारी एवढे मोठे नॅशनल पार्क असताना चार झाडांखालची माती राखून काय साधणार, असा माझा प्रश्न आहे.

जोशी, ए-१०२ : सावंतसाहेब, जंगल शेजारी आहे म्हणूनच मला हा विषय महत्त्वाचा वाटतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत आणि ते आजही मुंबईला पाणी देतात. तेथील झाडे आणि पालापाचोळा पावसाचा मारा झेलतात, डोंगराची माती धरून ठेवतात आणि मुरलेले पाणी सावकाश खाली सोडतात. तुळशीजवळ उगम पावणारी दहिसर नदी मात्र जंगलाबाहेर पडताच काँक्रीटच्या वस्तीत शिरते आणि मुरायला जागा न उरल्यामुळे जोराच्या सरीचे सगळे पाणी एकदम तिच्यावर येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढ्या पावसापुढे आपल्या जागेचा निभाव लागणार नाही, हे मान्य आहे. परंतु नेहमीच्या सरींना ती पुरते. पुढच्या आवारात पहारेकरी खराट्याने पाणी गटाराकडे लोटत असतो, तेव्हा मागे कडुनिंबाखालचे पाणी मुरूनही गेलेले असते. खोडापर्यंत ब्लॉक बसवले तर मुळांना हवा-पाणी मिळणार नाही, आणि अशी कमकुवत झालेली झाडेच वादळात गाड्यांवर कोसळण्याची भीती अधिक.

पाटील, बी-१०१ : काकूंशी मी पूर्णपणे सहमत आहे. झाडे पानांवाटे बाष्प सोडून भोवतालची हवा थंड ठेवतात, म्हणून मे महिन्यातही मागच्या खोलीत आम्हाला पंखा पुरतो. ब्लॉक मात्र दिवसभर तापतील आणि ती धग रात्री आमच्या खिडक्यांतून आत येईल. डास साचलेल्या पाण्यात होतात. गच्चीवरच्या टाकीचे झाकण किती दिवस उघडे आहे, तेही कृपया पाहावे.

सावंत, सी-५०२ : हे सर्व पटते, परंतु गाड्यांचा प्रश्न तसाच राहतो.

जोशी, ए-१०२ : कुंपणाच्या भिंतीलगत एकच रांग करावी आणि तीही गवत उगवू शकेल अशा जाळीच्या ब्लॉकची, म्हणजे चिखल होणार नाही आणि पाणीही मुरेल. प्रत्येक खोडाभोवती मोठे आळे मोकळे ठेवावे. एकही झाड काढावे लागू नये. तशी वेळ आलीच, तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागेल.

सचिव : दोन्ही पर्याय विषयपत्रिकेवर घेत आहे. जाळीच्या ब्लॉकचे दरपत्रक ठेकेदाराकडून शनिवारपर्यंत मागवून येथे टाकतो.