मदत हवी आहे: बर्टविसल आडनावाचा नकाशा कापडगिरण्यांच्या आधीचा कसा काढायचा?

बर्टविसल हे लँकशरमधलं दुर्मिळ इंग्लिश आडनाव. पॅडिहॅमजवळच्या, आता नाहीशा झालेल्या वस्तीवरून पडलेलं. जुन्या इंग्रजीत ‘ट्विस्ला’ म्हणजे ओढ्यांचा बेचका. एंटविसल, ऑस्वाल्डट्विसल ही नावंही त्याच शब्दावरून. संगीतकार हॅरिसन बर्टविसल (जन्म 1934) जवळच्याच ॲक्रिंग्टनचे.

1881च्या जनगणनेतली या आडनावाची माणसं नोंदणी-जिल्ह्यानुसार (जन्म-मृत्यू नोंदवण्याच्या सरकारी विभागानुसार) मोजून, दर लाख लोकसंख्येमागे किती हे काढायचं, इथवर ठीक. नुसते आकडे टाकले तर मँचेस्टर उगाच फुगतं. पण 1881पर्यंत गिरण्यांनी माणसं इकडची तिकडे नेलेली, त्यामुळे मूळ जागा पुसट होते. शिवाय नोंदणी-जिल्हा म्हणजे गाव नव्हे: ॲक्रिंग्टनचे जन्म तेव्हा हॅस्लिंग्डन जिल्ह्यात लागत!

स्पेलिंगचं निराळंच. बर्टव्हिसल, बर्डव्हिसल ही रूपं साउंडेक्समध्ये (आडनावांना उच्चारावरून कोड देणाऱ्या पद्धतीत) एकाच बी-632 कोडखाली येतात, कारण टी आणि डी दोन्हींचा अंक 3. मात्र लेखनिकाने आर गाळला की कोड बी-323 होतो आणि नोंद हातची जाते.

तर प्रश्न असे:

मागे जायला चर्चच्या नोंदवह्या (1538पासून, पण सगळीकडे तितक्या जुन्या टिकलेल्या नाहीत) घ्याव्यात की 1660च्या दशकातल्या चूलकराच्या याद्या? यादीत फक्त कुटुंबप्रमुख असतो, मग छेद लोकसंख्येचा न घेता घरांचा घ्यायचा ना?

पॅडिहॅम हे व्हॉली (Whalley) नावाच्या अवाढव्य पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीचा, भाग होतं. एकच बाप्तिस्मा पॅडिहॅम आणि व्हॉली दोन्हींच्या नोंदवह्यांत सापडला तर दुबार मोजणी कशी टाळता?