मदत हवी आहे: विद्यार्थ्यांना उत्तर किती वेळात द्यायचं?

विद्यापीठात शिकवते. वर्गात १४० मुलं, शिवाय ५ जणांचे प्रबंध. दारावर भेटीची वेळ लावली आहे, मंगळवार-गुरुवार २ ते ४. तेव्हा कुणी फिरकत नाही आणि सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकराला 'मॅम, एक छोटीशी शंका' सुरू! व्हॉट्सअ‍ॅप बंद करून फक्त ईमेल ठेवून पाहिलं, तर थेट विभागप्रमुखांकडे तक्रार. त्यांचं म्हणणं, दिवसभर केबिनमध्ये दिसायला हवं. पण पेपर तपासणं घरीच होतं, तिथे दर दहा मिनिटांनी दार वाजत नाही. उत्तर किती वेळात द्यायचं याचा आमच्याकडे लेखी नियम कुठलाच नाही, म्हणून सत्राच्या पहिल्याच तासाला मुदत लिहून द्यायची आहे. तुम्ही ईमेलच्या उत्तरासाठी कामाचे किती दिवस सांगता, आणि प्रबंधवाल्यांना वेगळी मुदत देता का?