आठवीच्या मुलांना इंटरनेटचा जबाबदार वापर कसा शिकवावा?

शिक्षिका, गुहागर तालुका
आमच्या शाळेत संगणक मोजके आहेत आणि पावसात वीज गेली की तेही बंद राहतात. मुलांच्या हाती घरचा मोबाइल मात्र असतोच. आंब्याच्या हंगामात पेट्यांची मागणी नोंदवणे, पैसे जमा झाले का ते पाहणे, ही कामे पालक मुलांवरच सोपवतात. त्यामुळे ‘मोबाइलपासून दूर राहा’ हा उपदेश येथे निरर्थक ठरतो. वर्गात सुरुवात कोठून करावी?

निवृत्त बँक कर्मचारी, मालवण
बाई, मुले जो व्यवहार रोज हाताळतात, तेथूनच आरंभ करावा, असे मला ठामपणे वाटते. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही, ही एक गोष्ट पक्की झाली तरी पुष्कळ साधेल. आमच्याकडे पर्यटकांना घरी उतरवणाऱ्यांना ‘आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे फोन येतात आणि समोरच्याच्या सांगण्यावरून पिन टाकला की पैसे येण्याऐवजी खात्यातून जातात. हा संवाद दोन मुलांकडून वर्गात करवून घ्यावा आणि शंका कोणत्या वाक्याला यायला हवी होती, ते इतरांना विचारावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवायचे असते, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाण्यापूर्वीच ती रोखता येण्याची शक्यता अधिक असते.

शिक्षक, दापोली
वरील सूचना योग्यच आहे, परंतु जबाबदारी म्हणजे केवळ स्वतःचा बचाव नव्हे. आपण काय पुढे पाठवतो, हाही तिचाच भाग आहे. ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आणि जुलै २०२१ मधला चिपळूणचा पूर आपल्या भागाने सोसला आहे, त्यामुळे वादळाची जुनी चित्रफीत नवी म्हणून फिरली तर घराघरांत किती घबराट पसरेल, हे मुलांना वेगळे समजावावे लागत नाही. असा संदेश आला की तो कोणी, केव्हा व कोठून दिला हे शोधावे, भारतीय हवामान विभागाचा त्या दिवसाचा इशारा उघडून ताडून पाहावा आणि खात्री होईपर्यंत तो पुढे पाठवू नये, असा सराव मी घेतो. वर्गमित्राचे छायाचित्र त्याला न विचारता गटात टाकण्याबद्दलही याच तासाला बोलतो.

पालक, देवगड
माझी एक कळकळीची विनंती आहे. काही चुकले तर मोबाइल काढून घेतला जाईल या भीतीने मुले गप्प बसतात, आणि त्रास देणाऱ्याला तेच हवे असते. म्हणून कोणत्या शिक्षकांकडे निःसंकोच जायचे, ते शाळेने मुलांना आधीच सांगावे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही फळ्याशेजारी लिहून ठेवावा. पालकसभा मात्र शाळा उघडताच, लावणीपूर्वी घ्यावी. तेव्हा आंब्याची धावपळ संपलेली असते आणि मासेमारीबंदीमुळे होड्यांवरचे वडीलही घरी असतात.